बंदुकीचा धक्का आणि दस्त्यामागचं रबर

गणपती झाले की आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात जंगलकडेच्या गावांत भात पोटरीला आलेलं असतं आणि रात्रीची राखण सुरू होते. जांबोटी-कणकुंबीकडे गवे उतरले, निपाणी-चिकोडीकडे उसात डुकरं शिरली, अशा बातम्या पेपरात येतच असतात. त्या वाचून कट्ट्यावर गप्पा निघतात, गप्पांत लायसन्सच्या बंदुकीचा विषय येतो आणि कुणीतरी खांदा चोळत म्हणतं, "एक बार काढला की दोन दिवस खांदा लई दुखालाय बघा."

त्यावर सगळ्यांचा सल्ला एकच असतो: दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या, मागं रबर लावून घे. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. रबर कोणतं, किती जाड, लाकूड कापायचं की नाही, हे कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) माझ्या लायसन्सवर आली तेव्हा मी इंचभर जाडीचं रबर आणलं आणि लाकूड न कापता तसंच स्क्रूनं बसवून टाकलं. पहिल्याच पावसाळी रात्री बंदूक खांद्याला लावताना ते रबर घोंगडीत अडकलं आणि दस्ता खांद्याऐवजी दंडावर बसला. बार निघाला असता तर दंड काळानिळा झालाच असता, पण त्याहून वाईट म्हणजे नळी कुठं बघत होती ते मला कळत नव्हतं. या लेखामागं ती रात्र आहे.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पीक राखायला बंदुकीचं लायसन्स मिळालं म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली असं होत नाही. रानडुक्कर असो की गवा, दोघांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाशिवाय त्यांच्यावर गोळी झाडणं गुन्हा आहे. इथं मी बोलणार आहे ते फक्त बंदूक आणि माणसाचा खांदा यांच्याबद्दल.

धक्का येतो कुठून

बाराबोअरच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या, काडतुसात साधारण ३० ते ३६ ग्रॅम छर्रे असतात. दारू पेटली की ते सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास वेगानं नळीबाहेर पडतात. त्यांना पुढं ढकलताना बंदूक तेवढ्याच जोरानं मागं ढकलली जाते. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागं सरकते, तसंच हे आहे. छर्रे हलके म्हणून फार वेगानं जातात, बंदूक जड म्हणून सावकाश मागं येते.

सावकाश म्हणजे किती? बंदूक तीन किलोची आणि छर्रे ३२ ग्रॅम धरले, तर ढोबळ हिशोबानं ती सेकंदाला पाच मीटर वेगानं मागं येते. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. उतारावर सोडलेल्या सायकलच्या वेगानं तीन किलोचं लाकूड-लोखंड येऊन खांद्यावर आदळतं. शास्त्राच्या भाषेत ही सुमारे ३७ ज्यूल ऊर्जा झाली.

आमच्या भागात घरटी नाही तरी वाडीगणिक एखादा निवृत्त जवान असतोच. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, भरतीची परंपरा जुनी आहे, आणि निवृत्त झाल्यावर यातले बरेचजण बँकेत नाहीतर साखर कारखान्यावर गनमॅन म्हणून लागतात. त्यांना नवल वाटतं की फौजेतल्या रायफलीचा त्रास झाला नाही आणि ही साधी बाराबोअर एवढी का मारते. कारण सरळ आहे. जुनी एसएलआर साडेचार किलोच्या घरात, तिची गोळी साडेनऊ ग्रॅमची. हिशोब केला तर आपल्या दुनळीचा धक्का तिच्या दुपटीहून जास्त भरतो. फौजेतल्या इन्सास रायफलीशी तर तुलनाच नको. तेव्हा खांदा दुखला म्हणून कुणी जुन्या जवानाला हसू नये.

चुंबळीचं काम

आता रबर काय करतं ते पाहू. डोक्यावर हंडा घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते. चुंबळीमुळं हंड्याचं वजन छटाकभरही कमी होत नाही, तरी डोकं दुखत नाही, कारण बुडाची कड एका रेषेवर टोचण्याऐवजी वजन जास्त जागेवर पसरतं. रबराचं एक काम हेच. धातूची किंवा कडक प्लास्टिकची सपाट पट्टी खांद्याच्या हाडावर एकाच ठिकाणी टेकते, रबर खांद्याच्या आकाराप्रमाणं दबतं आणि मार पसरवतं.

दुसरं काम वेळेचं आहे. जोरात आलेला चेंडू झेलताना खेळाडू हात मागं ओढत नेतो, म्हणून तळहात फुटत नाही. चेंडू थांबतोच, फक्त जास्त अंतरात थांबतो. समजा दस्ता थांबेपर्यंत तुमचं अंग आणि कपडे मिळून दोन सेंटिमीटर मागं गेले. रबर दबून आणखी एक सेंटिमीटर मिळाला तर थांबायचं अंतर तीन झालं, आणि सरासरी जोर एक तृतीयांशानं उतरला. यात जादू कसलीच नाही. धक्का तेवढाच राहतो, फक्त तो सावकाश येतो.

यातून एक गोष्ट निघते आणि ती महत्त्वाची आहे. रबर दबलं तरच उपयोग. जे दबत नाही ते नुसतं ओझं, आणि जे एका झटक्यात पूर्ण चेपतं ते नसल्यासारखंच.

आधी लांबी, मग रबर

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत जे अंतर असतं त्याला इथून पुढं मी नुसती लांबी म्हणेन. दोन चापांच्या बंदुकीत ती पुढच्या चापापासून मोजतात. बाजारातल्या बंदुकीची लांबी सवा चौदा इंचांच्या आसपास असते. आपल्याकडच्या पाच फूट चार-पाच इंच उंचीच्या माणसाला ती मुळातच जास्त होऊ शकते, आणि त्यावर तुम्ही इंचभर रबर चढवता. रबर चढवायचं तर त्या हिशोबानं मागचं लाकूड कापावं लागतं. माझी चूक हीच होती.

लांबी जास्त झाली की दस्ता काखेत अडकतो, नाहीतर खांदा सोडून दंडावर सरकतो. कमी झाली तर उजव्या हाताचा अंगठा नाकावर आदळतो आणि चापाभोवतीचं कडं मधल्या बोटाला सोलवटतं. म्हणजे दोन्हीकडून मार, आणि दोन्ही वेळा माणूस दोष देतो रबराला.

कोपरात दस्ता धरून बोट चापापर्यंत पोचतं का ते बघायची पद्धत सगळीकडं सांगतात. ती अगदीच ओबडधोबड आहे. तुमची मान किती लांब, छाती किती रुंद, हे कोपराला काय ठाऊक? त्यापेक्षा बंदूक रिकामी करा, उघडून दोन्ही नळ्या डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, सुरक्षित दिशेला तोंड करा, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. गाल दस्त्यावर टेकलेला असताना अंगठ्याचं मूळ आणि नाक यांच्यात दोन ते तीन बोटं जागा राहिली तर लांबी ठीक आहे.

हे करताना अंगात काय आहे ते विसरू नका. आमच्याकडं राखण असते भर पावसात नाहीतर कार्तिकातल्या थंडीत, अंगावर घोंगडी किंवा जाड जर्किन असतं. बनियनवर लांबी मोजून बसवलेलं रबर घोंगडीवर अर्धा इंच जास्त होतं. ज्या कपड्यांत बंदूक वापरणार त्याच कपड्यांत मोजा. दोन्ही ऋतूंत वापरणार असाल तर आखूड बाजूला राहा, थोडी आखूड बंदूक निभावून नेता येते, लांब बंदूक अडकते.

दस्त्याचा कल हीसुद्धा बघायची गोष्ट आहे. दस्त्याचं मागचं तोंड नळीशी काटकोनात नसतं, वरची कड, जिला टाच म्हणतात, आणि खालची कड यांत थोडा तिरकसपणा असतो. रिकामी बंदूक दस्त्याचं तोंड जमिनीवर सपाट टेकवून भिंतीलगत उभी करा. नळी जिथून सुरू होते तो भाग भिंतीला टेकला की नळीचं तोंड भिंतीपासून थोडं सुटलेलं दिसेल, साधारण दोन इंच. हा कल फार कमी असेल तर दस्त्याची खालची कड छातीत रुतते. फार जास्त असेल तर बार निघताना दस्ता वर सरकून गालफडावर येतो. बायकांच्या नावावरही लायसन्सं आहेत, आणि त्यांना खालच्या कडेचा त्रास हमखास होतो, तेव्हा त्यांच्यासाठी ती कड थोडी आखूड आणि गोल करून घ्यावी. रबर बसवताना कापाचा कोन चुकला तर आधी बरा असलेला कल बिघडतो, म्हणून कापण्याआधीच भिंतीचं माप लिहून ठेवावं.

वजाबाकीत चुकणारा पाव इंच

सगळ्यात जास्त दस्ते इथं वाया जातात. मागं आधीच एक पट्टी असते, ती काढायची असते, आणि लोक लांबी मोजतात ती पट्टीसकट. समजा पट्टीसकट लांबी सवा चौदा, पट्टी पाव इंचाची. म्हणजे नुसतं लाकूड चौदा इंच. रबर एक इंचाचं आणि तुम्हाला हवी लांबी चौदा. तर कापायचं एक इंच. पण पट्टीसकटची लांबी धरून हिशोब केला तर सव्वा इंच कापलं जातं आणि बंदूक पाव इंच आखूड होते. शिवाय करवतीच्या पात्याची जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर लाकूड खाते ते वेगळं.

म्हणून आधी पट्टी काढा, नुसतं लाकूड मोजा, त्यात रबराची जाडी मिळवा, हवी ती लांबी वजा करा. उरेल तेवढं कापायचं, आणि तेही पाव इंच राखून. लाकूड पुन्हा कापता येतं, जोडता येत नाही. थोडं जास्त कापलं गेलंच तर रबर आणि लाकूड यांच्यामध्ये घालायच्या पातळ प्लास्टिक चकत्या मिळतात.

रबर निवडायचं कसं

तीन तऱ्हा आहेत. पहिली मोज्यासारखी चढवायची. कापाकापी नाही, वाटेल तेव्हा काढता येते, पण लांबी इंचभर वाढवते आणि तिची कड कपड्यांत अडकते. आमच्या पावसात तिच्याखाली ओल राहते आणि व्हार्निश पांढरं पडतं, म्हणून भिजून आल्यावर ती काढून दस्ता पुसायलाच हवा. बंदूक मुळात आखूड वाटणाऱ्या उंच माणसाला ही तऱ्हा चांगली, आणि कापायचं की नाही हे ठरेपर्यंत अजमावून बघायलाही चांगली.

दुसरी ठरावीक मॉडेलसाठी तयार मापाची. ती परदेशी पंप-ॲक्शनांना सापडते, आपल्या साध्या दुनळीला क्वचितच बरोबर बसते. तिसरी मोठ्या आकारात येते आणि दस्त्याच्या बाहेरच्या रेषेप्रमाणं घासून बसवतात. नीट काम हवं असेल तर हीच.

जाडी अर्धा इंच, पाऊण इंच आणि एक इंच अशी मिळते. जुनं लाल रबर टिकाऊ, पण वर्षानुवर्षांत कडक होऊन त्याला भेगा पडतात. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, एरवीही वर्षभर खुंटीला असतात, आणि मालकाला कळतही नाही की मागचं रबर खुरासारखं टणक झालंय. नखानं दाबून बघा, नख रुतत नसेल तर ते रबर गेलं. नव्या पद्धतीची मऊ पॉलिमरची पॅड जास्त दबतात आणि सावकाश परत फुगतात. पॅकमायर, लिंबसेव्हर, किक-ईझ ही त्यातली जुनी नावं. माझं मत विचाराल तर राखणीच्या बंदुकीला पाऊण इंचाचं, वरची टाच गोल आणि गुळगुळीत असलेलं मऊ पॅड पुरे. इंचभर जाडी घेऊन तेवढं जास्त लाकूड कापण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आणि वाड्यातली जुनी विलायती बंदूक असेल, देसाई-इनामदारांच्या घरांत अजून आहेत, तर तिचा दस्ता मुळीच कापू नका. तिची किंमत त्या अखंड अक्रोडाच्या लाकडात आहे. तिला मोज्यासारखं चढवायचं कातड्याचं पॅड घाला.

कुणाकडून बसवायचं

गावातला सुतार हात कितीही बसलेला असला तरी बंदूक त्याच्याकडं ठेवून येऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक जवळ ठेवायला लायसन्स लागतं (कलम ३) आणि दुरुस्ती करायलाही लागतं (कलम ५). लायसन्सदार दुरुस्तीवाल्याकडंच द्या आणि पोचपावती घ्या. काहीजण घाबरून विचारतात की दस्ता कापणं बेकायदा आहे का. कायदा कडक आहे तो नळी आखूड करण्याबाबत (कलम ६). दस्त्याचं लाकूड वेगळं. तरीही काम लायसन्सदाराकडूनच.

काम त्याचं असलं तरी चांगलं काम ओळखता आलं पाहिजे. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी गुंडाळून बारीक दातांच्या करवतीनं कापलं तर कडेच्या चिरफाळ्या निघत नाहीत. जुनी स्क्रूची भोकं लाकडी खुंट्या आणि डिंक घालून बुजवायची, मग नवी भोकं पाडायची. नव्या पॅडच्या मागं बारीक चिरा असतात, त्यांतून पेचकस आत जातो. पेचकसाच्या दांडीला साबण लावला नाही तर रबर फाटतं आणि ते कायमचं दिसतं. पॅड बसवून दस्त्याची बाहेरची रेषा सुईनं रबरावर ओढायची, पॅड उतरवून पॉलिश पेपरच्या चाकावर रेषेपर्यंत घासायचं. खालच्या कडेला दस्त्याची रेषा सरळ पुढं चालू राहिली पाहिजे. तिथं पोट सुटलेलं दिसलं तर काम घाईत झालं समजा.

एक गोष्ट आवर्जून विचारा: कापलेल्या लाकडाच्या तोंडाला तेल किंवा व्हार्निश लावलं का? आडव्या कापलेल्या लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात आणि पाणी पितात. कणकुंबीसारख्या पावसात ते लाकूड फुगतं, पॅडची कड आणि दस्ता एका रेषेत राहत नाहीत, स्क्रू ढिले होतात. बाहेरून दिसत नाही म्हणून हे काम टाळलं जातं.

"मग ट्रकची ट्यूब चिकटवली तर?"

हे मी दहा ठिकाणी पाहिलंय. ट्यूबचे दोन थर जेमतेम दबतात, चपलेचा सोल त्याहून कमी. गादीतला स्पंज उलट एका दमात चेपतो आणि आतलं लाकूडच खांद्यावर येतं. शिवाय कड धारदार राहते, ओल्या हातानं घेतलं की घसरतं. तात्पुरता उपाय हवाच असेल तर मोज्याचं पॅड घ्या, ते निदान त्याच कामासाठी बनवलेलं असतं.

"आमच्या आजोबांना कुठं रबर लागलं?"

आजोबांची बंदूक बहुधा ठासणीची होती. काळी दारू सावकाश पेटते आणि बंदूक आदळण्यापेक्षा ढकलल्यासारखी मागं येते, शिवाय त्या लांब नळीच्या बंदुका जड. आजोबांनी सोसलं नाही असंही नाही. माझ्या आजोबांचा उजवा हात म्हातारपणी खांद्यातून वर जात नव्हता. बंदुकीमुळं की नांगरामुळं, ते सांगता येत नाही.

दुखणं सोसण्यात मर्दानगी आहे असं मानणाऱ्यांना मी एकच सांगेन. ज्याला धक्क्याची भीती बसते तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि खांदा मागं घेतो. आवाज करून जनावर पिटाळायचं असलं तरी नळीपुढं कुणाचं खोपटं, कुणाचा गोठा असतो. रात्रीच्या अंधारात डोळे मिटून निघालेला बार कुठं जाईल?

"काडतूस बदललं तर?"

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय आहे, आणि कुणी करत नाही. धक्क्याची ऊर्जा छर्ऱ्यांच्या वजनाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३६ ग्रॅमऐवजी २८ ग्रॅमचं काडतूस घेतलं तर ढोबळमानानं ४० टक्के धक्का कमी. रबर न लावता. आपल्या खडकीच्या कारखान्याची काडतुसं घेतानाही डब्यावरचं छर्ऱ्यांचं वजन आणि काडतुसाची लांबी वाचा. जुन्या विलायती बंदुकीचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं असतं, त्यात ७० मिलिमीटरचं घालू नका. त्यानं दाब वाढतो, धक्का वाढतो, आणि जुन्या नळीला धोका होतो.

गालाला मार बसत असेल तर रबरानं फरक पडत नाही. कल ठीक असेल तर तो दस्त्याच्या उतारामुळं, म्हणजे गाल टेकतो ती कड नळीच्या रेषेपेक्षा किती खाली आहे त्यामुळं, बसतो, त्याचं काम वेगळं. कानालाही रबराचा उपयोग नाही. १४० डेसिबलच्या वरचा एक आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो आणि बाराबोअरचा आवाज त्याच्या वर असतो, तेव्हा कानात बोळे हवेतच.

बसवल्यानंतर

पहिले बार कायद्यानं परवानगी असलेल्या जागी, दिवसाउजेडी आणि हलक्या काडतुसाचे काढा. चार-पाच बारांनंतर घरी येऊन सदरा उतरवा आणि आरशात बघा. लाली खांद्याच्या खळग्यात, हाडाच्या आतल्या बाजूला असेल तर दस्ता जागेवर बसतोय. दंडाकडं असेल तर लांबी अजून जास्त आहे, काखेच्या खाली एकच ठिपका असेल तर कल बघा. मग स्क्रू एकदा आवळून घ्या, नवं रबर थोडं बसतं. आणि साफसफाईनंतर बंदूक दोन दिवस नळी खाली करून ठेवा. नळीतलं तेल दस्त्यात उतरलं की लाकूड मऊ पडतं, आणि तेच तेल रबरही खातं.